शेवटच्या पानावरचे आभार

आंब्याला मोहोर आला की लोकांना गाणी सुचतात. मला संताप येतो. माघातल्या सकाळी दार उघडावं, उत्तरेचा गार वारा अंगावर यावा, त्यात मोहोराचा तो उग्र-गोड वास आणि घरामागच्या परड्यात सुकत घातलेल्या मासळीचा वास मिसळलेला असावा, की माझी कानशिलं तापायला लागतात. शेजारपाजारचे म्हणतात, बाईंना मोहोर बाधतो. बाधतोच. दहाएक वर्षं झाली, अजून उतरलेला नाही.

मी जामसंड्याला शाळेत भूगोल शिकवते. या दिवसांत वार्षिक परीक्षेची घाई असते, नकाशावहीत पोरी समुद्र निळा रंगवत बसलेल्या असतात, आणि एखादी हमखास विचारते, "बाई, तुम्ही कॉलेजात भूगोलातलं काय शिकलात?" मी सांगते, प्राकृतिक आणि मानवी, दोन्ही. "तुम्हांला त्यातलं काय आवडायचं?" यावर मी म्हणते, पुढचा धडा काढा. पोरी धडा काढतात. आमच्या पोरींना धडा काढायची फार लवकर सवय लागते.

माझं गाव मालवण तालुक्यातलं. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माडांची एक निरुंद पट्टी, त्या पट्टीवर आमची घरं. रात्री कुशीवर वळलं की एका कानात लाटा, दुसऱ्या कानात खाडी. खाडी जिथे दर्याला मिळते तिथे वाळूचा एक दांडा होता. होता म्हणजे, या वर्षी इथे, पुढल्या वर्षी तिथे. पावसाळा सरला की आम्ही पोरं पहिल्यांदा धावत जायचो ती हे बघायला, की दांडा यंदा कुठे जाऊन बसलाय. आमच्या माडांची दर्याकडची ओळ माझ्या बघता बघता गेली. आधी मुळं उघडी पडली, मग झाडं कलली, मग ओहोटीला नुसते बुंधे दिसू लागले. मी बाबांना विचारायची, "बाबा, ही रेव खंय जाता?" बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. प्रश्न टाळायची त्यांची पद्धत सभ्य होती. ते म्हणायचे, "शिकलंस की कळात तुका."

मी शिकायला गेले ती एवढ्या एका प्रश्नासाठी. हे कुणाला खरं वाटत नाही. मुलगी कॉलेजात जाते ती चांगलं स्थळ मिळावं म्हणून, नाहीतर मिळालं नाही म्हणून, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मी वाळूपायी गेले.

अजून एक गोष्ट सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही. आमच्याकडे रापण ओढतात. लांबच लांब जाळं होडीतून नेऊन दर्यात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून साऱ्या वाडीने किनाऱ्यावर ओढून घ्यायचं. तिथला कायदा साधा आहे. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हातारा असो, विधवा असो, वाटेने जाणारा परका असो. मी अगदी लहान असताना मोठ्यांच्या पायांत घुसून दोरीचं शेपूट धरलं होतं. माझ्या ओढण्याने पेडव्याएवढा बारका मासासुद्धा वर आला नसता. पण वाटे घालताना रापणीच्या म्होरक्याने, म्हाताऱ्या तांडेलाने, मला हाक मारली. "दोरयेक हात लागलो मां तुजो? मगे वाटो तुजो." दोन बांगडे घेऊन मी घरी आले. जगात असंच चालतं, असं मी धरून चालले. माझी चूक एवढीच, की घाट चढल्यावर कायदा बदलतो हे मला कुणी सांगितलं नाही.

कॉलेज घाटावरचं. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि वरच्या वर्गात भूगोल शिकायचा तर घाट चढण्यावाचून इलाज नव्हता. मामाच्या घरी राहायचं, मामीला सकाळी पोळ्या लाटून द्यायच्या आणि मग तास गाठायचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भूगोल स्पेशल घेणारी मी एकटी मुलगी. विषयाचे दोन सुभे. एकीकडे प्राकृतिक भूगोल, म्हणजे खडक, नद्या, वारे, किनारे. दुसरीकडे मानवी भूगोल, म्हणजे वस्ती, लोकसंख्या, धंदे. दोन्हींचे पेपर होतेच, पण पुढे एम.ए.ला जायचं तर यातला एक सुभा निवडावा लागे, आणि ती निवड शेवटी आमच्या सरांच्या हातात असे.

मी सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला प्राकृतिक हवा. किनाऱ्यांचा अभ्यास करायचाय.

सर वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी बसायला सांगितलं, खिडकी उघडली, म्हणाले, "मिस परब, तिथे उन्हातान्हात हिंडावं लागतं. मोजणीच्या साखळ्या ओढायच्या, तंबूत राहायचं. तुम्ही मानवी घ्या. माणसांचा भूगोल. बायकांना माणसांचं चांगलं कळतं."

उन्हातान्हाचं मला सांगत होते! ज्या वाडीतल्या बायका डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन दुपारी तापल्या वाळूतून बाजार गाठतात, तिथल्या मुलीला. मी हट्टच धरला. शेवटी सर म्हणाले, "ठीक. या टर्मला आपण अभ्यास-सहल नेऊ. तिचा अहवाल होईल. सर्वेक्षण करणाऱ्यांत तुमचं नाव आलं, तर पुढच्या वर्षी मी तुम्हांला अडवणार नाही."

सहल कुठे न्यायची, हे मीच सुचवलं. आमचं गाव. दांडा मोजायचा. बाबांना कळवलं, बाबांनी आनंदाने होकार दिला. मला वाटलं, आता काय, आपल्याच अंगणात खेळायचंय.

त्या वर्षी सरांनी मानवी भूगोलाच्या तासाला एक गोष्ट उतरवून दिली होती, ती इथे आठवते. किनारपट्टीच्या उष्ण आणि दमट हवेमुळे तिथले लोक स्वभावाने आळशी व सुखलोलुप बनतात. इंग्रजीत होतं, त्यामुळे आणखीच खरं वाटायचं. सगळी मुलं खाली माना घालून लिहीत होती. मीही लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आये आली, पहाटे विहिरीवरून पाणी शेंदणारी, मग माडांना शिंपणारी, मग शेण-गोठा, मग झावळ्या विणणारी. सुखलोलुप! पण परीक्षेला तेच लिहायचं होतं. लिहिलंही, आणि त्या उत्तराला मला चांगले गुण पडले.

असाच माघ होता. एस.टी.तून मंडळी उतरली, कुणी लाल-पांढऱ्या काठ्या खांद्यावर घेतलेल्या, कुणी साखळी, कुणी तिकाटण्यासकट प्लेन टेबल. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवर उभा केलेला एक सपाट फळा. त्याच्यावर कागद ताणायचा, पट्टीवरून समोरची खूण नजरेने नेमायची आणि तिथल्या तिथे रेघ ओढायची. जमीन आपल्या डोळ्यांसमोर कागदावर उतरते. मी ते कॉलेजच्या आवारात शिकले होते आणि माझी रेघ सगळ्यांत साफ यायची. हे मी नाही म्हणत, सरच म्हणाले होते. वाडीतली पोरं मागे लागली, कुत्री भुंकली, बाबा नवं धोतर नेसून सामोरे गेले. सरांशी ते ऑफिसातलं मराठी बोलू लागले. "या, या सर. गरिबाचं घर आहे. गोड मानून घ्या. आणि जेवणाची मुळीच चिंता करू नका. आमच्या शालूच्या हाताला चव आहे."

संपलं. एका वाक्यात माझं सगळं सर्वेक्षण संपलं.

बाबांना दोष देऊ? आमच्याकडे पाहुणा दारात आला की घरातल्या माणसाने आधी आपल्या मुलीच्या हाताची स्तुती करायची, हे ठरलेलंच. स्थळ बघायला आलेले असोत की वाळू मोजायला आलेले, बापाच्या तोंडून तेच निघणार. आमच्याइतकी अगत्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं दुसरीकडे कुठे नसतील. सर हसून म्हणाले, "वा, मग प्रश्नच मिटला."

मुलं दर्यावर गेली. मी पदर खोचून स्वयंपाकघरात. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, आणि सर शाकाहारी म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर काळ्या वाटाण्याचं सांबारं. धुराने डोळे चुरचुरत होते. खिडकीतून लाल-पांढऱ्या काठ्या दिसत होत्या, आणि दिसत होतं की त्या भलत्याच ठिकाणी रोवल्यात.

"आये, माका दर्यार जावचा आसा."

"आनी भात कोण रांदतलो?" आये खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, "पावण्यांची पोटां आदी. दर्यो खंय पळान जातलो?"

दर्यो पळान जात नाही, आये. जमीन जाते. हे मला तेव्हा सुचलं नाही. रागात माणसाला वेळेवर काही सुचत नाही, मग वर्षानुवर्षं सुचत राहतं.

जेवणं झाली. किनाऱ्यावरचे आळशी लोक भांडी घासायला विहिरीवर गेले आणि कोरड्या हवेतले उद्योगी सर माडाच्या सावलीत बाजल्यावर पडून घोरू लागले. दमट हवेचा परिणाम त्यांच्यावर एका दुपारीत झाला. मुलंही सुस्तावली होती. मी हात पुसले, पायांत वहाणासुद्धा न घालता धावत दांड्यावर गेले. तिथे इनामदार नावाचा आमच्या वर्गातला मुलगा प्लेन टेबलापाशी एकटा उभा होता. बिचारा उन्हाने लालबुंद झालेला, कागदावर रेघा खोडून खोडून भोक पडायची वेळ आलेली. मला बघून त्याने पेन्सिल पुढे केली. म्हणाला, "मिस परब, तुम्ही घेता का? मी काठी धरतो."

ती दुपार. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं, कुर्ल्या बिळांतून डोकं काढून आम्हांला बघत होत्या, मोहोराचा वास दर्यापर्यंत येत होता. मी नजर लावत होते, रेघ ओढत होते, फळा उचलून पुढे नेत होते. पायांखाली तीच वाळू होती आणि पहिल्यांदाच मी तिला तिच्या भाषेत विचारत होते, की तू कुठे जातेस. आत्ताचा किनारा ओढून झाल्यावर मला पाण्यातले बुंधे दिसले. आमच्या गेलेल्या माडांची ओळ. मी तीही नेमली आणि जुन्या किनाऱ्याची एक तुटक रेघ कागदावर ओढली. दोन रेघांच्या मधलं सगळं आमचं होतं आणि आता दर्याचं झालं होतं. इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही. दोरीला माझा हात लागला होता. आता वाटा माझा.

दिवेलागणीला परत आले तेव्हा आये दारातच होती. "रातच्या भाताचा काय?" मी भाताला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, सकाळ चुलीपाशी, दुपार फळ्यापाशी. सरांनी मला दांड्यावर पाहिलं, नकाशावर झुकून म्हणाले, "छान. फार छान." मी मनात एम.ए.ला बसलेसुद्धा.

परीक्षेच्या आधी अहवाल तयार झाला. टंकलिखित, निळ्या पुठ्ठ्याचा. पहिल्याच पानावर सर्वेक्षण करणाऱ्यांची नावं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. नकाशा आतमध्ये होता, माझाच, ती तुटक रेघसुद्धा. कोपऱ्यात लिहिलं होतं, रेखाटन, इनामदार. तुटक रेघेखाली बारीक अक्षरांत होतं, स्थानिक चौकशीवरून. आणि अगदी शेवटच्या पानावर, एस.टी.चे आणि ग्रामपंचायतीचे आभार मानून झाल्यावर, माझं नाव. उत्तम भोजनव्यवस्थेबद्दल कु. शालन परब यांचे आभार.

"सर, माझं नाव?"

"आहे की! शेवटी पाहा. मी आवर्जून घातलं. तुम्ही नसता तर आमचे हाल झाले असते."

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. असतं तर मी भांडले असते. त्यांनी खरोखरच आभार मानले होते! त्यांना माझी दुपार दिसली नव्हती. डोळ्यांसमोर होती तरी दिसली नव्हती. इनामदारकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता. पुढल्या वर्षी प्राकृतिक भूगोलाच्या यादीत मी नव्हते. मानवी घ्यायचा तर घ्या, म्हणाले. मी एम.ए. केलंच नाही. बी.टी. करून शाळेत लागले.

अहवाल घेऊन घरी आले तर आये वाट बघत होती. बाबांनी तिला शेवटचं पान वाचून दाखवलं. तिचा चेहरा फुलला. "पुस्तकात नाव इला मां गो तुजा! जेवनाक नावाजल्यानी मां?" वाडीभर सांगून आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण त्या पानावर बोट ठेवून ती नेमकं माझं नाव दाखवायची. एक दिवस माझा तोल गेला. "आये, माका जेवनाक नाव नको होता! माका थंय वर होया होता, झिलग्यांच्या वांगडा! तुज्या भातान माजा शिक्षान खाल्ल्यान!" तिने पुस्तक मिटून फडताळात ठेवलं आणि परड्यात गेली. त्यानंतर तिने ते पान कुणाला दाखवलं नाही, आणि आम्ही दोघींनी हा विषय कधी काढला नाही.

हे सगळं आता उकरायचं कारण म्हणजे यंदाची महाशिवरात्र. सुट्टी जोडून मी गावी गेले होते. बाबा आता नाहीत, आये थकली आहे, माडांची आणखी एक ओळ गेली आहे. सकाळी अंगणात पावलं वाजली. काठ्या, साखळी, तिकाटणं. पुढे टक्कल पडलेला एक गृहस्थ. इनामदार! प्रोफेसर इनामदार, प्राकृतिक भूगोल. सोबत विद्यार्थ्यांचा घोळका.

"अहो, तुम्ही इथेच!" तो मनापासून खूश झाला. "तो दांड्याचा नकाशा मी अजून दर वर्षी वर्गात दाखवतो. ती तुटक रेघ पाहून मुलं थक्क होतात. म्हटलं, आता प्रत्यक्षच न्यावं. आणि तुम्ही आहात म्हणजे जेवणाची काळजीच नको. तुमच्या हातचं ते तिखलं, काय सांगू!"

माणसाने इतकं निर्मळ, इतकं निर्लज्ज कसं असावं? तेवढ्यात माझं लक्ष घोळक्याच्या कडेला गेलं. एक मुलगी होती, एकटीच. सगळ्यांच्या पिशव्या तिच्या पायांशी. इनामदार तिला म्हणाला, "मंगल, तू बाईंना स्वयंपाकात मदत कर. पुढल्या वर्षी तुझा मानवी भूगोलच आहे ना, घरांची माहितीही होईल." मुलगी म्हणाली, "सर, मी अजून काही ठरवलं नाहीये." इतक्या हळू म्हणाली, की मलाच ऐकू आलं असावं.

माझ्या कानशिलांत मोहोर चढला. तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. आये. माजघराच्या दाराला धरून उभी होती.

"जेवान?" ती म्हणाली. "चूल थंय आसा. तांदूळ कणगीत आसत, बांगडे ताजे आसत. तुमचे झिलगे बरे धडधाकट दिसतत. रांदा." आणि माझ्याकडे न बघता, "दोनय चेडवां दर्यार जातली." दोनय चेडवां, म्हणजे मंगल आणि मी.

इनामदार हसला. थट्टा आहे असं त्याला वाटलं. आये हसली नाही. जिच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नाही, ती म्हातारी पाहुण्यांना चूल दाखवून उंबऱ्याशी बसून राहिली. आमच्या वाडीत असं कुणी कधी केलेलं नाही. तिला ते किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. मंगलच्या हातात पेन्सिल दिली, फळा उचलला आणि निघाले.

तिची रेघ साफ आहे. थोडी घाई करते, सांगितलं की थांबते. दुपारपर्यंत तिने किनारा उतरवला, नव्याने पाण्यात गेलेले बुंधे नेमले, आणि माझ्या तुटक रेघेच्या आत आणखी एक तुटक रेघ आली. तिने विचारलं, "बाई, ही सगळी वाळू जाते कुठे?" मी म्हटलं, "शीक. शिकलीस की तू मला सांग."

परत आलो तर घरभर धूर. भात खाली लागला होता, तिखलं नुसतं तिखट होतं, प्रोफेसरांच्या सदऱ्याला काजळी. आयेने वाढलं, मुलांना, प्रोफेसरांनाही, कुणाला कमी नाही. "रांदूक हात लागलो मां? मगे वाटो घेवा." मुलं निमूट जेवली. निघताना इनामदार ओशाळून म्हणाला, "अहवालात तुमचे आणि आजींचे आभार मानीन."

"आमचे नकोत," मी म्हटलं. "भात तुम्ही शिजवलात, तुमचेच माना. नकाशा मंगलने काढलाय. तिचं नाव वर घाला."

तो "हो हो" म्हणाला. कशाला म्हणाला, ते कळलं नाही.

मोहोर आता गळलाय. फांद्यांना बारक्या कैऱ्या धरल्यात. परीक्षा तोंडावर आली. अहवाल झाला की पाठवतो असं इनामदार म्हणून गेलाय. दर रविवारी गावी जाते तेव्हा आये विचारते, "पुस्तक इला गो?" अजून आलं नाही. येईल तेव्हा पहिलं पान मी मागाहून बघेन. आधी शेवटचं उघडणार आहे.